कोपराची भिंत

रुद्रम्माच्या आणि बेगमबीच्या घरांमधली भिंत सरळ नव्हती. रस्त्याकडून नाकासमोर यायची, परसात शिरली की रुद्रम्माच्या अंगाला दीड हात वळायची, आडाच्या बरोबर मधोमध वरनं जायची आणि आड ओलांडला की पुन्हा आपल्या जुन्या रेघेवर यायची. माणूस कोपर मुडपून कुशीवर झोपावा तशी. नळदुर्गपासून दोन कोसांवरच्या त्या गावात लहान पोरसुद्धा तिला कोपराची भिंत म्हणायचं.

हा कोपर कुणी हौसेनं काढलेला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात रुद्रम्माचे मालक आणि बेगमबीचा नवरा बाबामियाँ, दोघांनी मिळून आड खणला. खणायला बसले हद्दीवर, पण खाली काळा खडक लागला, आणि झरा फुटला तो रुद्रम्माच्या परसात. मालक म्हणाले, घाम दोघांचा तर पाणी दोघांचं. त्यांनी स्वतःच्या जागेतनं हद्द वळवली. मधे भिंत, भिंतीखाली आड, अलीकडं एक रहाट, पलीकडं एक. सकाळची पाळी बेगमबीची, दिवस कलल्यावरची रुद्रम्माची. दोघी पुरुषमाणसं गमावून बसल्या, पण पाळी चुकली नाही.

मग अठ्ठ्याऐंशीचा पाऊस आला. तीन वर्षं तोंड फिरवून बसलेला तो एकदम इतका आला, की मातीची माळवदं भिजून बसली. सोळा घरं पडली. त्यात ही दोन पडली आणि मधली भिंतही गेली. आड तेवढा जागेवर राहिला. विहिरीला काय, तिला पडायला आणखी खाली जागाच नसते.

पडलेल्यांची गृहनिर्माण सोसायटी झाली. सोळा घरं एका दमात, स्लॅबची, सोसायटीच्या कर्जावर. नकाशा काढायला सोलापूरचा रामकिसन इंजिनियर ठरला, कारण त्याच्याकडं कॉम्प्युटर होता, आणि कॉम्प्युटरचा नकाशा म्हटल्यावर सेक्रेटरीची छाती चार इंच वाढली होती. नकाशा सभेत मंजूर झाला की त्यावरची रेघ ती हद्द. जुने दगड, जुने शब्द, सगळं त्यानंतर बाद.

रामकिसन टेप घेऊन गावात आला तेव्हा दोन्ही परसांत दगडमातीचे ढीग होते. मूळ रेघ दिसत नव्हती. कोपर किती, असं त्यानं विचारलं. रुद्रम्मा दुसरी शिकलेली, एसटीची पाटी अक्षरं जुळवून वाचणारी. पण हिशोबाला तिनं कधी कुणाला पुढं होऊ दिलं नव्हतं. तिनं पदर खोचून हात पुढं केला. ‘दीड हात. मोजून घ्या.’ रामकिसननं कोपरापासून बोटापर्यंत टेप लावली, सोळा इंच भरले, दीडपट करून त्यानं वहीत लिहिलं, दोन फूट. बेगमबी पलीकडं उभी होती. ती त्या हाताकडं बघत होती.

एप्रिलात पहिला नकाशा आला. निळ्या शाईचा, अमोनियाचा वास मारणारा लांबलचक कागद सेक्रेटरीनं सोसायटीच्या भिंतीला डकवला. रुद्रम्माचा थोरला विरुपाक्ष तो बघून घरी आला तो हसतच.

‘आई, आड आपल्याकडं आला.’

‘चालत आला व्हय?’

तो सांगू लागला. भिंत सरळ निघाली होती, रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत एका दोरीत. कोपर नव्हताच. आडाचं वर्तुळ अख्खं रुद्रम्माच्या परसात होतं. विरुपाक्षाचं म्हणणं असं, की आपण काही सांगितलं नाही, कुणाला चहा पाजला नाही, मशीननं आपण होऊन दिलंय, तर आपण का बोंब मारायची. रुद्रम्मानं त्याला गप केलं. पण तिलाही कळेना. दोन फूट तिनं स्वतःच्या हातानं मोजून दिले होते. मग ते गेले कुठं?

दुपार व्हायच्या आत बेगमबीला कळलं. ती भांडायला आली नाही. भांडली असती तर रुद्रम्माला बरं वाटलं असतं, कारण भांडणात तिला गावात जोड नव्हती. बेगमबीनं फक्त आपल्या रहाटाचा दोर सोडून गुंडाळला आणि घागर घेऊन शाळेजवळच्या हापशाला निघाली. उन्हातनं, अर्धा मैल. गावातल्या चार बायांनी ते बघितलं आणि मग त्यांनी रुद्रम्माच्या दाराकडं बघितलं.

ते बघणं तिला सोसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिनं सोलापूर गाठलं.

रामकिसनच्या हापिसात आत जायला चपला काढाव्या लागत. आतल्या खोलीला काचेचं दार, आत थंडगार, टेबलावर मशीन, मशीनच्या कपाळाला हळदीकुंकू. बाहेरच्या बोळात मात्र नुसता उकाडा. तिथं लाकडी फळीवर कागद ताणून, लांब पट्टी घेऊन एक म्हातारा माणूस बसला होता. सोमलिंग त्याचं नाव. तीस वर्षं त्यानं हातानं नकाशे काढले होते. मशीन आल्यापासून त्याचं टेबल बोळात आलं होतं. रुद्रम्मानं मनात म्हटलं, माणूस बाहेर घामात आणि डबा आत गारव्याला, हे घर काही सरळ दिसत नाही.

रामकिसन भला माणूस होता. त्यानं तिला खुर्ची दिली आणि काळ्या काचेवर तिचं घर दाखवलं. काचेवर सगळीकडं ठिपके होते, ओळीनं, रांगोळीला काढतात तसे. मधनं भिंतीची रेघ. तो म्हणाला, आता बघा, कोपर काढतो. त्यानं रेघेचं टोक धरून थोडं बाजूला नेलं. नेलं तिथं ते थांबलं नाही. टुणकन उडी मारून परत ठिपक्यावर गेलं.

‘कुणी ढकललं?’ रुद्रम्मानं विचारलं.

‘कुणी नाही, आजी. आपोआप होतं ते. चूक होऊ नये म्हणून मशीन रेघ जवळच्या ठिपक्यावर नेतं.’

‘चूक कुणाची?’

‘आपली. माणसाचा हात हलतो ना.’

‘हात न्हाय हलला. भिंतच तशी हाय. माझ्या परसात काय हाय ते मला ठावं का त्याला ठावं?’

रामकिसननं डोकं खाजवलं. त्यानं तीन महिन्यांचा कोर्स केला होता, आणि कोर्समध्ये सगळ्या भिंती सरळ होत्या. पाच-पाच फुटांवर एक ठिपका, असं तो सांगू लागला. दोन फूट म्हटलं की मशीन मागच्या ठिपक्यावर नेतं. मग ठिपके काढून टाक, असं ती म्हणाली. त्यानं एक बटण दाबलं, ठिपके गेले. काच कोरी झाली. त्यानं पुन्हा रेघ ओढली आणि ती पुन्हा उडी मारून तिथंच गेली, जिथं मघा ठिपका होता. आता दिसत नव्हता, पण होता. रुद्रम्मा त्या काचेकडं बघतच राहिली. भुतंखेतं तिनं आयुष्यात मानली नव्हती, आणि या वयात मानायला लागायचं तर ती सोलापुरात येऊन, हे तिला पटेना.

शेवटी रामकिसननं रेघ जोर लावून आणखी पुढं ओढली. तशी ती अडखळली आणि पलीकडं जाऊन बसली. कोपर झाला. तो हरखला, तीही हरखली. दुसऱ्या एका मशीनवर पेन आपलं आपण कागदावरनं धावलं, कुणाचा हात नाही, काही नाही, आणि घर उमटलं. छापाची प्रत निघाल्यावर तिनं कोपरावर बोट ठेवून खात्री केली आणि गुंडाळी काखेत मारून गाव गाठलं.

घरी विरुपाक्षानं कागद पसरला आणि आकडे वाचले. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. कोपर पाच फुटांचा झाला होता. आड अख्खाच्या अख्खा बेगमबीच्या परसात गेला होता.

त्या आठवड्यात घरात चुलीपेक्षा विरुपाक्षच जास्त धुमसत होता. आपला आड स्वतःच्या तोंडानं घालवून आलीस, असं तो आईला ऐकवायचा. सेक्रेटरी म्हणाला, रुद्रम्माबाई, आधी आड तुम्हाला, आता त्यांना, एकदा काय ते ठरवा, सभा महिनाअखेरीला आहे. आणि बेगमबीला ही बातमी लागली तेव्हा तिनं हापशावर, चार जणींत सांगितलं, की खैरात नको. अर्धा होता तो अर्धा पुरे, आणि तोही द्यायचा नसंल तर असली थट्टा तरी करू नये.

थट्टा. रुद्रम्माला जेवण गेलं नाही. ती कुणाचं ओरबाडून खाणारी नव्हती आणि कुणापुढं फेकणारीही नव्हती. पण गावाला कसं सांगायचं, की ना मी घेतलं, ना मी दिलं, रेघच उड्या मारते? तिचं तिलाच ऐकताना खोटं वाटायचं.

तिनं विरुपाक्षाला समोर बसवून पत्र लिहवलं. भिंतीला कोपर हवा, आड कोपराखाली मधोमध हवा, जादा शहाणपण नको. शेवटचे तीन शब्द विरुपाक्ष लिहीत नव्हता, तिनं लिहवले. दहा दिवसांनी तिसरा नकाशा आला.

या खेपेला भिंतीला दोन कोपर होते, एक इकडं, एक तिकडं. आणि आड दोन होते.

सोसायटीच्या हापिसात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. एक जण म्हणाला, त्या मशीनला आमच्या माळावर आणा, पाणी सापडतंय त्याला. सेक्रेटरीनं बोट ठेवून दोनदा आड मोजले. रुद्रम्मा उभी होती, तिला हसूही येईना आणि शिवीही सुचेना, जे तिच्या बाबतीत क्वचित व्हायचं. जमिनीखाली एक झरा, जमिनीवर एक आड, आणि कागदावर दोन. सभेला चार दिवस उरले होते. दोन आडांचा कागद मंजूर झाला तर उद्या कुठलाही पोरगा उठून म्हणेल, तुमचा तुमच्यात आहे, तो शोधा, हा आमचा. तिच्या मागं विरुपाक्ष म्हणेल, बेगमबीच्या मागं तिचा पोरगा रसूल म्हणेल. आणि खरं काय ते सांगायला तेव्हा दोघी नसतील.

ती तशीच उठली आणि महिन्यात पहिल्यांदा बेगमबीच्या दारात गेली. बेगमबी पत्र्याच्या आडोशाला ज्वारी निवडत होती. वर बघितलं, बस म्हणाली नाही.

‘चल माझ्यासंगं सोलापूरला,’ रुद्रम्मा म्हणाली. ‘म्या न्हाय केलं. ते डबडं करतंय. तुझ्या डोळ्यानं बघ.’

बेगमबीनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

‘अक्का, माणूस खोटं बोलतं, ते समजतं. मशीन कशाला खोटं बोलंल? त्याला काय आड लागतो व्हय?’

गेले तीन आठवडे रुद्रम्मा स्वतःला हेच विचारत होती. ती म्हणाली, ‘म्हणून तर चल म्हणते.’

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीत बसल्या, एक पुढच्या बाकड्यावर, एक मागच्या.

रामकिसन बिचारा खजील झाला होता. त्यानं दोघींना काचेसमोर बसवलं आणि समजावलं, की दोन्ही घरं सारखी असल्यानं या खेपेला त्यानं एक काढून दुसरं त्याचाच उलटा छाप ठेवला होता, आरशात दिसावं तसा. आता एका घरात काही केलं की मशीन आपोआप दुसऱ्यातही करतं. इकडं कोपर तर तिकडं कोपर. इकडं आड तर तिकडं आड. त्यानं करून दाखवलं. तिकडचा आड पुसला, तसा इकडचाही गेला. परत काढला, दोन्ही आले. मग बेगमबीच्या समोर त्यानं रेघ दोन फुटांवर नेली, आणि ती टुणकन मागं गेली.

बेगमबीनं तोंडावर हात ठेवला. ‘पुन्हा कर,’ ती म्हणाली. त्यानं पुन्हा केलं. तिनं तिसऱ्यांदा करायला लावलं, आणि रेघेकडं न बघता रामकिसनच्या हाताकडं बघितलं. मग हळूच रुद्रम्माकडं.

‘पटलं?’ रुद्रम्मानं विचारलं.

बेगमबी काही बोलणार, तेवढ्यात लाईट गेली. काच काळी झाली, गारवा सुटायचा थांबला, आणि रामकिसन कपाळाला हात लावून बसला, कारण सकाळपासूनचं सगळं काम काचेबरोबर गेलं होतं. बोळातनं सोमलिंगचा आवाज आला, की बायांना इकडं पाठवा, आणि मूळ कागद द्या.

मूळ कागद म्हणजे पेननं उमटवलेला पातळ, दुधी कागद; त्यावरूनच निळ्या प्रती निघायच्या. सोमलिंगनं तो फळीवर पसरला, दाढीचं पातं घेतलं आणि शाई खरवडायला लागला. बेताबेतानं, कागद न फाडता, जखमेची खपली काढावी तसा. एक आड गेला. एक कोपर गेला. उरलेला कोपरही त्यानं खरवडून काढला आणि पेन हातात घेऊन विचारलं, ‘बोला, किती?’

‘दीड हात,’ रुद्रम्मा म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

बेगमबीनं पदराची गाठ सोडली. आत सुतळी होती, गुंडाळलेली, दोन गाठी मारलेली. ढीग हलवल्यावर पायाचे दगड उघडे पडले होते. एकटीनं जाऊन तिनं रस्त्याकडच्या सरळ भिंतीच्या पायाच्या रेघेपासून आडाच्या मध्यापर्यंत मोजलं होतं. ती सुतळी तिनं रुद्रम्माच्या हाताला लावली. एक हात झाला, वर अर्धा झाला, आणि तरी दोर उरला. चार बोटं.

रुद्रम्माच्या कानशिलाला आग लागली. साठ वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी चोर म्हटलं नव्हतं, आणि बेगमबी आत्ताही म्हणत नव्हती, नुसती सुतळी धरून उभी होती. एवढे दिवस ही पदरात पुरावा बांधून हिंडत होती तर. रुद्रम्माच्या जिभेवर आलं, की पायाचे दगड हलवलेस तू. ते ओठापर्यंत आलं.

‘अक्का,’ बेगमबी खालच्या आवाजात म्हणाली, ‘तुमच्या हातानं न्हाय मोजलं, हद्द वळवली त्या दिवशी. भाऊ जमिनीवर पालथे झाले, त्यांनी आपला हात टेकवला. म्या भाकरी घेऊन आलते. म्या बघितलं.’

मालकांचा हात. उंच, धिप्पाड माणूस. बैलाच्या खांद्यावर टाकलेला तो हात रुद्रम्माच्या डोळ्यांपुढं आला. तिचा हात त्या हाताच्या कुठं लागणार. पंधरा-सोळा वर्षं ती ‘दीड हात, दीड हात’ म्हणत होती आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं, की हात कुणाचा.

मशीननं रेघ ढकलली ती कुणी न सांगता. आणि तिनं? तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. दोन्हींत फरक काय, हे तिला त्या बोळात उभं राहून काही केल्या उमगेना.

‘दोर खरा,’ ती म्हणाली. तिनं हात मागं घेतला. ‘दोर धरा, मास्तर. माझा हात तोकडा हाय.’

सोमलिंगनं सुतळी पट्टीला लावली, सव्वादोन फूट असं पुटपुटला आणि एका दमात कोपर काढला. त्याची रेघ कुठंच उडाली नाही. आडाच्या मधोमध गेली आणि परत आपल्या वाटेला लागली. लाईट आल्यावर रामकिसन म्हणाला, हे आता मशीनमध्येही भरून ठेवतो. दोघी एकदम ‘नको’ म्हणाल्या. त्यानं तशीच सही केली आणि शिक्का मारला.

येताना एसटीत गर्दी होती, दोघींना एकच बाकडं मिळालं. तांदूळवाडीचा फाटा गेला. मग रुद्रम्मानं विचारलं, की मशीननं पहिल्याच खेपेला माझे दोन फूट बरोबर काढले असते, तर दोर बाहेर काढला असतास का?

‘न्हाय,’ बेगमबी म्हणाली. ‘चार बोटांसाठी तुमच्या तोंडाला कोण लागतंय, अक्का. समदाच आड गेला म्हणून मोजाय गेले.’

म्हणजे मशीन चुकलं नसतं, तर चार बोटं बेगमबीची गेलीच असती. सोसायटीच्या शिक्क्यानं, कायमची, आणि रुद्रम्मा मान ताठ करून हिंडली असती. मग त्या डबड्यानं वाईट केलं का चांगलं? तिनं खिडकीबाहेर बघत बराच वेळ त्याची दोन्ही टोकं जुळवून बघितली. जुळली नाहीत. एकदा वाटायचं त्याला फोडावं, एकदा वाटायचं त्याच्या कपाळाला आपणही बोटभर विभूती लावून यायला हवी होती. तिनं तो नाद सोडला.

नळदुर्गच्या स्टँडवर उतरताना तिनं नकाशाची गुंडाळी बेगमबीच्या हातात दिली. सभेत ती कुणी दाखवायची यावर महिन्यापूर्वी त्यांचं भांडण झालं असतं.

‘उद्या सकाळची पाळी तुझी हाय,’ रुद्रम्मा म्हणाली. ‘दोर बांध रहाटाला. आन् पोहरा सोडताना माझ्याकडच्या कठड्यावर आपटू नकोस, लई दिस सांगायचं राहिलंय.’